आजोबांची 'सगळी मते': भायखळा-परळ या पुसल्या गेलेल्या मतदारसंघाविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझे आजोबा परळच्या चाळीत राहायचे. १९३७ च्या निवडणुकीत आम्ही आमची सगळी मते बाबासाहेबांना दिली, असे ते सांगत. काका म्हणतात, माणसाला मत एकच असते, म्हातारपणी त्यांचा घोळ झाला असणार. तो मतदारसंघ नेमका कोणता, आणि आज तो कुठे आहे?"

तुमचे आजोबा बरोबर होते आणि काका चूक आहेत. आयुष्याची बरीच वर्षे मी निवडणूक शाखेत मतदारयाद्या आणि हद्दींचे नकाशे चाळण्यात घालवली. निवृत्तीनंतर जुन्या मतदारसंघांच्या हद्दी आजच्या नकाशावर बसवण्याचा नाद लागला. 'सगळी मते' हा शब्द आणखीही काही जुन्या घरांत ऐकला आहे. त्यात अतिशयोक्ती नाही. तो त्या काळच्या कायद्यातला व्यवहार आहे.

आधी मतदारसंघ. कागदोपत्री त्याचे नाव 'मुंबई शहर (भायखळा आणि परळ)'. बोलताना लोक 'ई आणि एफ वॉर्ड' म्हणत, कारण महापालिकेच्या त्या दोन वॉर्डांवर तो बेतला होता. तो ना लोकसभेचा होता, ना आजच्या अर्थाने महाराष्ट्र विधानसभेचा. १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताला जे नवे कायदेमंडळ मिळाले, त्याच्या खालच्या सभागृहाचा तो मतदारसंघ. त्या सभागृहात १७५ जागा होत्या. त्यांतल्या ११४ 'सर्वसाधारण', आणि त्या ११४ पैकी १५ अनुसूचित जातींसाठी राखीव. हा १५ चा आकडा १९३२ च्या पुणे करारातून, म्हणजे अस्पृश्यांना वेगळ्या मतदारसंघांऐवजी राखीव जागा देणाऱ्या करारातून आलेला. भायखळा-परळमधली राखीव जागा ही त्या पंधरांपैकी एक.

इथे 'सर्वसाधारण' या शब्दाने फसू नका. आज आपण तो 'राखीव नसलेली' या अर्थाने वापरतो. तेव्हा त्याचा अर्थ होता मुसलमान, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि युरोपियन सोडून उरलेले सगळे. म्हणजे हिंदू, अस्पृश्य, पारशी, ज्यू वगैरे एका यादीत. मदनपुऱ्यातला मोमीन विणकर किंवा भायखळ्याचा ख्रिस्ती कारकून तुमच्या आजोबांच्या शेजारी राहत असला, तरी त्याचा मतदारसंघ वेगळा, उमेदवार वेगळे, यादी वेगळी. शिवाय कामगारांसाठी सात जागा, व्यापाऱ्यांसाठी सात, जमीनदारांसाठी दोन, विद्यापीठासाठी एक. एकाच गल्लीवर तीन-चार मतदारसंघांचे थर असत. म्हणून त्या काळचा मतदारसंघ नुसत्या नकाशावर सापडत नाही, सोबत यादी लागते. निवडणूक शाखेत नव्याने आलेल्या पोरांना हे समजावताना मी जिन्याचे उदाहरण द्यायचो. चाळीचा जिना एकच, पण वरच्या बिऱ्हाडांचे आमदार निरनिराळे.

मत सर्वांनाच नव्हते. भाडे, कर, शिक्षण अशा अटींतून जो पार होईल तो मतदार. स्त्रिया आणि अनुसूचित जातींसाठी अटी थोड्या सैल होत्या. तरी गिरणगावात एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांपैकी फार थोड्यांची नावे यादीत लागली असतील, हे उघड आहे.

आता काकांच्या मुद्द्याकडे येतो.

राखीव जागा असलेला मतदारसंघ तेव्हा एकाच आमदाराचा नसे. राखीव जागा आणि तिच्या जोडीला सर्वसाधारण जागा, अशी त्याची बांधणी असे. जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला. ही मते कशी वापरायची यावर मोठा वाद झाला. एक म्हणणे असे, की एका उमेदवाराला एकच मत द्यावे आणि बाकीची दुसऱ्यांना वाटावीत. त्याला 'डिस्ट्रिब्युटिव्ह' म्हणजे वाटून मतदान म्हणत. दुसरे म्हणणे असे, की मतदाराला हवी तर त्याने सगळी मते एकाच्याच पारड्यात टाकावीत. हे 'क्युम्युलेटिव्ह', आपण एकगठ्ठा मतदान म्हणू. बाबासाहेब दुसऱ्या पद्धतीच्या बाजूने होते, आणि मुंबई प्रांतात दुसरीच पद्धत लागू झाली. म्हणून तुमच्या आजोबांना 'सगळी मते' देता आली.

या फरकात काय दडले आहे ते आकड्यांनी पाहा. समजा दोन जागा आहेत आणि मतदार १००. त्यांतले ३५ एका गटाचे, ६५ दुसऱ्या. प्रत्येकाला दोन मते. एकगठ्ठा पद्धतीत ३५ जणांनी आपली दोन्ही मते आपल्या उमेदवाराला दिली, तर त्याला ७० मिळतात. उरलेल्या ६५ जणांच्या हातात १३० मते. त्यांना दोन्ही जागा हव्या असतील तर ती दोघांत वाटावी लागतात, प्रत्येकी ६५. सत्तर विरुद्ध पासष्ट. अल्पसंख्य गटाचा माणूस निवडून आला. आता हीच माणसे वाटून मतदानाच्या नियमाने मत देऊ द्या. ३५ जणांच्या उमेदवाराला ३५ च मते मिळणार. समोरच्या दोघांना प्रत्येकी ६५. सामना सुरू होण्याआधीच संपला. मतदार तेच, हद्द तीच, जागा राखीव ठेवलेली तीच. फक्त नियमातली एक ओळ बदलली.

राखीव जागा म्हणजे त्या समाजाच्या मनातला प्रतिनिधी, असे आपण सहज धरून चालतो. राखीव जागा एवढेच ठरवते की निवडून येणारा त्या समाजातला असेल. तो कोणाच्या मतांनी येईल हे मतदानाची पद्धत ठरवते. पुणे करारानंतर बाबासाहेबांची सगळी धडपड या दुसऱ्या प्रश्नाभोवती होती. करारात त्यासाठी प्राथमिक फेरीची सोयही होती. आधी फक्त अनुसूचित जातींच्या मतदारांनी चार जणांची यादी निवडायची, मग त्या चौघांतून सगळ्यांनी मिळून एक. ही सोय दहा वर्षांपुरतीच होती, आणि शेवटचा शब्द पुन्हा सगळ्यांच्या मतांचाच.

१७ फेब्रुवारी १९३७ ला मुंबईत मतदान झाले. बाबासाहेब त्याआधी दहाएक वर्षे मुंबई कौन्सिलात, म्हणजे प्रांताच्या आधीच्या कायदेमंडळात होते, पण सरकारनियुक्त सभासद म्हणून. मतदारांपुढे ते पहिल्यांदाच उभे राहिले ते इथे. आदल्या वर्षी, ऑगस्ट १९३६ मध्ये, त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. हा मुलूख त्यांचा घरचा होता. परळच्या पोयबावाडीतल्या बीआयटी चाळीत त्यांनी संसार केला, बहिष्कृत हितकारिणी सभेचे कामकाज परळच्या दामोदर हॉलमधून चालवले. निवडणुकीच्या वेळी ते दादरच्या राजगृहात राहायला गेले होते, पण चाळीतल्या माणसांच्या लेखी ते चाळीतलेच होते.

समोर काँग्रेसने उभे केले बाळू पालवणकर यांना. आज हे नाव क्रिकेटचा इतिहास वाचणाऱ्यांनाच आठवते. तेव्हा ते घरोघरी माहीत होते. पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची देखभाल करता करता चेंडू टाकू लागलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. हिंदू संघाला त्यांनी वर्षानुवर्षे सामने जिंकून दिले. पण कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही, आणि कारण त्यांची जात होती हे कोणापासून लपलेले नव्हते. पुढे १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल त्या संघाचे कर्णधार झाले. तरुण बाबासाहेबांना बाळूंचा अभिमान होता. पुणे करारापाशी दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बाळू गांधीजींच्या बाजूला राहिले आणि पाच वर्षांनी दोघे एकाच राखीव जागेसाठी समोरासमोर आले.

काँग्रेसची निवड हुशारीची होती, हे मान्य केले पाहिजे. बाळू नुसते प्रसिद्ध नव्हते, आदरणीय होते. सवर्ण मतदाराला त्यांना मत देताना काही अडत नव्हते, आणि अस्पृश्य मतदाराला तो आपलाच माणूस होता. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक २,०२० चा. बाबासाहेब जिंकले, पण निसटते. त्या निवडणुकीत काँग्रेसची जी लाट होती तिच्यापुढे हा विजय मोठा वाटतो, आणि त्यांची आजची उंची डोळ्यांपुढे ठेवली तर फरक लहान.

इथे माझीच एक चूक सांगतो. पूर्वी एका व्याख्यानात मी म्हणालो होतो, 'बाबासाहेबांना १३,२४५ लोकांनी मत दिले.' समोर बसलेल्या एका वकीलबाईंनी शांतपणे विचारले, "लोकांनी की मतांनी?" मी गप्प झालो. एकगठ्ठा पद्धतीत एका माणसाची एकाहून जास्त मते त्या बेरजेत असतात. तुमच्या आजोबांसारख्यांनी सगळी मते तिथे टाकली असतील, तर प्रत्यक्ष माणसे बेरजेपेक्षा बरीच कमी असणार. १९३७ चे आकडे आजच्या आकड्यांशी ताडून पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो.

निकालानंतर प्रांतात जे झाले ते थोडक्यात. काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण गव्हर्नरच्या अधिकारांवरून अडून बसला. मग १ एप्रिलपासून साताऱ्याचे सर धनजीशा कूपर यांचे अल्पमतातले मंत्रिमंडळ आले, आणि जुलैत बाळासाहेब खेर पंतप्रधान झाले. हो, प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत.

त्या सभागृहात भायखळा-परळच्या सभासदाने काय केले, हे मात्र सविस्तर पाहण्याजोगे आहे. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोताची पद्धत. ती कोकणची, मतदारसंघ मुंबईतला. पण परळच्या चाळीत राहणारा कोण होता? रत्नागिरी-कुलाब्याचा माणूस. गिरणीतल्या पगारातून तो गावी पैसे धाडत होता, आणि गावी कुळाच्या मानेवर खोत बसलेला होता. कोकणच्या जमिनीचा प्रश्न परळच्या मतदाराचा घरचाच होता. गावकीच्या कामाबदल्यात मिळणाऱ्या महार वतनाच्या जमिनीचे तसेच. जानेवारी १९३८ मध्ये एका विधेयकात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द आला तेव्हा त्यांच्या पक्षाने सभात्याग केला. त्याच वर्षी खेर सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. संप करण्यावर त्यात बंधने होती. बाबासाहेबांनी सभागृहात त्याला कडाडून विरोध केला, आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला कम्युनिस्टांच्या बरोबरीने एक दिवसाचा संप पुकारला. कॉम्रेड डांगे आणि बाबासाहेब एका बाजूला, हे दृश्य गिरणगावाने तेव्हा पाहिले. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९३९ च्या नोव्हेंबरात युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. प्रांत गव्हर्नरच्या हाती गेला, निवडणुका लांबल्या. १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले, आणि मजूर पक्षाच्या जागी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आले. १९४६ ला प्रांतिक निवडणूक पुन्हा झाली आणि फेडरेशनचा सपशेल पराभव झाला. प्राथमिक फेरीत, म्हणजे फक्त अनुसूचित जातींच्या मतांत, फेडरेशनची माणसे पुढे, आणि अंतिम फेरीत काँग्रेसची, ही बाबासाहेबांची तक्रार होती. पद्धतीवर सगळे खापर फोडायलाही मी तयार नाही. स्वातंत्र्य उंबरठ्यावर होते आणि काँग्रेसच्या बाहेर उभे राहणे त्या वर्षी कोणालाच सोपे नव्हते. घटना समितीवर बाबासाहेबांना बंगालमधून जावे लागले ते याच पराभवामुळे.

मग मतदारसंघाचे काय झाले? १९५०-५१ मध्ये राज्यघटना आली, प्रौढ मताधिकार आला, धर्मवार याद्या गेल्या. मोमीन विणकर, ख्रिस्ती कारकून आणि तुमचे आजोबा पहिल्यांदाच एका यादीत आले. जुन्या हद्दी मोडून नवे मतदारसंघ पाडले गेले, आणि 'भायखळा आणि परळ' हे नाव कागदावरून उडाले. त्याच वेळी आणखी एक गोष्ट उडाली. दोन जागांचे मतदारसंघ ठेवले, पण १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने सांगितले की एका उमेदवाराला एकच मत. दोन्ही एकालाच दिली, तर एक धरायचे आणि दुसरे बाद. एकगठ्ठा मतदान संपले.

परिणाम लगेच दिसला. जानेवारी १९५२ मध्ये लोकसभेच्या 'मुंबई शहर उत्तर' या दोन जागांच्या मतदारसंघात बाबासाहेब राखीव जागेसाठी उभे राहिले. जोडीला समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. फेडरेशनचे चिन्ह हत्ती आणि समाजवाद्यांचे झाड. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. मतदाराने एक मतपत्रिका हत्तीच्या पेटीत आणि दुसरी झाडाच्या पेटीत टाकावी, असा समझोता. हा मतदारसंघ जुन्या भायखळा-परळपेक्षा कितीतरी मोठा, पण गिरणगाव त्यातच. काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांना १,३८,१३७ मते मिळाली आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. सर्वसाधारण जागी काँग्रेसचे विठ्ठल गांधी १,४९,१३८ मतांनी आले, मेहतांना १,३९,७४१. डांगे तिथेच सर्वसाधारण जागेसाठी उभे होते, एकटे.

बाबासाहेब १४,५६१ मतांनी पडले. आणि बाद झालेली मते? ७४ हजारांहून जास्त. बऱ्याच मतदारांनी दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या आणि दुसरी वाया गेली. बाबासाहेब आणि मेहता यांनी मिळून निकालाला आव्हान देणारा निवडणूक अर्ज केला. डांगे आणि इतरांनी दुसरे मत वाया घालवण्याचा प्रचार केला, असा त्यांचा आरोप होता. न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला.

आता १९३७ आणि १९५२ शेजारी ठेवा. दोन्ही मते एकाच माणसाला देणे हे १९३७ ला कायदेशीर होते आणि बाबासाहेबांना उपयोगी होते. पंधरा वर्षांनी तेच कृत्य बाद ठरले. बाद मतांतली किती जुन्या सवयीने पडली आणि किती प्रचाराने, ते मोजायला साधन नाही. प्रचार झाल्याचा आरोप तर अर्जातच आहे. पण ज्या चाळींनी एकदा 'सगळी मते' एकाला देऊन माणूस निवडून आणला होता, त्यांच्या हाताला नवा नियम परका होता, असे मला वाटते. हे माझे मत आहे, पुरावा नव्हे. १९५५ मध्ये भाषिक राज्यांविषयी लिहितानाही बाबासाहेबांनी दोन-तीन जागांचे मतदारसंघ आणि एकगठ्ठा मतदान पुन्हा आणावे असे सुचवले होते, म्हणजे हा विषय त्यांच्या मनातून गेला नव्हता.

वाटून मतदानात अल्पसंख्य गटाला जोडीदार लागतो, आणि जोडीदाराचे मतदार आपले दुसरे मत प्रामाणिकपणे देतील अशी हवा लागते. १९५२ ला ती हवा नव्हती. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने ती आणली. 'मुंबई शहर मध्य' या दोन जागांच्या मतदारसंघातून संयुक्त महाराष्ट्र समितीचे दोघेही निवडून आले. सर्वसाधारण जागी कॉम्रेड डांगे, राखीव जागी फेडरेशनचे जी. के. माने. ज्यांच्याविरुद्ध पाच वर्षांपूर्वी अर्ज झाला होता, त्यांच्याच जोडीने फेडरेशनला जागा मिळाली. बाबासाहेब हे पाहायला नव्हते. डिसेंबर १९५६ मध्ये ते गेले.

पुढचे भराभर सांगतो. १९६१ च्या कायद्याने देशभरातले दोन जागांचे मतदारसंघ रद्द झाले. परळ हे नाव विधानसभेच्या एका जागी नंतर बरीच वर्षे राहिले. १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली, पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांचा पराभव करून वामनराव महाडिक आले आणि शिवसेनेला पहिला आमदार मिळाला, ते याच परळमध्ये. २००८ च्या फेररचनेत परळ हे नावही गेले. आज तो जुना मुलूख मुख्यतः भायखळा, शिवडी, वडाळा यांत विभागलेला आहे. नावात 'भायखळा' आहे म्हणून आजचा भायखळा मतदारसंघ हा १९३७ च्या मतदारसंघाचा वारस, असे कोणी सांगितले तर मानू नका. नाव जुळते, माणसे आणि नियम जुळत नाहीत.

आजोबांचे नाव यादीत शोधायचे असेल तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारापासून सुरुवात करा. जाताना दोन गोष्टी घरात विचारून जा. एक, चाळीचे तेव्हाचे नाव आणि रस्त्याचे जुने नाव, कारण आजच्या नावाने शोधलेत तर दिवस फुकट जाईल. दुसरी, खोली कोणाच्या नावावर होती. मत भाड्यावर अवलंबून होते, म्हणजे पावती ज्याच्या नावाची त्याचेच नाव यादीत लागण्याचा संभव जास्त. खोली आजोबांच्या थोरल्या भावाच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असेल, तर 'आम्ही दिली' यातला 'आम्ही' नेमका कोण, तेही तिथेच कळेल. ट्रंकेत जुन्या भाडेपावत्या असतील तर आधी त्या काढा.